वाचक विचारतात : तळपाय दाबून काय होतं, काय होत नाही

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या पायांच्या निगेबद्दल लिहिताना आम्ही एक वाक्य टाकलं होतं : ‘रिफ्लेक्सॉलॉजीने पायाला आराम मिळतो, आजार बरा होत नाही.’ त्या एका वाक्यावर श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी लिहिलं. काहींनी बाजू घेतली, काही रागावले, बऱ्याच जणांनी ‘मग आम्ही करायचं काय?’ असं विचारलं. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं फिजिओथेरपी आणि रिफ्लेक्सॉलॉजी या दोन्ही कामांची माहिती असलेल्यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे अॅक्युप्रेशर, रिफ्लेक्सॉलॉजी आणि साधं पाय चेपणं या तिन्हीला एकच म्हणतात. फरक काय? पहिल्यांदा गेलं की नेमकं काय करतात? (एक वाचक, चिपळूण)

साधं पाय चेपणं तुम्हाला ठाऊकच आहे. तळहाताने, मुठीने, जमेल तसं. अॅक्युप्रेशर चिनी परंपरेतून आलं. त्यात अंगभर वाहिन्या आणि त्यांच्यावरचे बिंदू मानतात, मनगटापासून भुवईपर्यंत कुठेही. रिफ्लेक्सॉलॉजीचा मुख्य भर तळपायावर असतो, थोडा तळहातावर आणि कानावरही. तळपाय म्हणजे अख्ख्या शरीराचा नकाशा, असं ती धरून चालते. अंगठा म्हणजे डोकं, बोटांच्या मुळाशी डोळे-कान, चवड्यावर छाती आणि फुप्फुसं, खळग्यात जठर, यकृत, मूत्रपिंड, टाचेकडे ओटीपोट, आणि पायाच्या आतल्या कडेने पाठीचा कणा. उजव्या बाजूचे अवयव उजव्या पायावर, डाव्या बाजूचे डाव्यावर.

ही विद्या हजारो वर्षांची आहे असं सांगतात आणि पुराव्याला इजिप्तमधल्या एका थडग्यातलं चित्र दाखवतात. त्या चित्रात कोणी कोणाचे हातपाय धरलेत एवढं दिसतं. ते नखं-कातडीची निगा राखणंही असू शकतं. आज जो नकाशा भिंतीवर टांगलेला असतो तो विसाव्या शतकातला, अमेरिकेतला. कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले आणि १९१७ साली ती कल्पना पुस्तकरूपाने मांडली. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते पट्टे तळपायावर आणून अवयवांच्या जागा ठरवल्या.

आता बैठकीबद्दल. एक बैठक पाऊण ते एक तास चालते. आधी दहा मिनिटं चौकशी व्हायला हवी : कुठल्या गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, साखर आहे का, पाळी-गरोदरपण. ही चौकशी न करता थेट पाय हातात घेणारा माणूस असेल तर तिथूनच उठावं. फक्त चपला-मोजे काढायचे, बाकी कपडे तसेच. तुम्हाला आडवं किंवा रेलून बसवतात, गुडघ्याखाली उशी देतात, पाय ओल्या टॉवेलने पुसून कोरडे करतात. पावडर किंवा थोडंसं क्रीम लावतात. तेल फारसं वापरत नाहीत, कारण अंगठा निसटतो.

मग आधी घोटे फिरवणं, पाऊल दोन्ही हातांत धरून सैल हलवणं. त्यानंतर मुख्य काम : अंगठ्याचं पहिलं पेर वाकवायचं, सरळ करायचं, एकेक-दोन मिलिमीटर पुढे सरकायचं. सुरवंट चालतो तसं. टाचेकडून बोटांकडे ओळीओळीने. एका पायाला वीसेक मिनिटं. शेवटी चवड्याच्या बरोबर खालचा खोलगट भाग दोन्ही पायांवर एकदम दाबून धरतात आणि तुम्हाला सावकाश श्वास घ्यायला सांगतात.

दाब ‘दुखतंय पण बरं वाटतंय’ इथपर्यंतच असावा. दात आवळले जात असतील, पाय आपोआप मागे ओढला जात असेल तर तो जास्त आहे. ‘जितकं दुखेल तितकं चांगलं’ हे खोटं. दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग दिसला तर त्याचा अर्थ कातडीखाली रक्त साकळलं एवढाच, ‘आतलं विष बाहेर आलं’ असा नव्हे. बैठकीनंतर झोप येणं, अंग सैल वाटणं नेहमीचं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी झटकन उठू नये. दोन मिनिटं पाय खाली सोडून बसावं, मग उभं राहावं. भरल्या पोटी जाऊ नये, जेवून तास तरी गेलेला असावा.

प्रश्न : माझ्या डाव्या तळव्याच्या मधोमध दाबल्यावर मी ओरडलो. तेव्हा ‘तुमची किडनी कमजोर आहे, दहा बैठका लागतील’ असं सांगण्यात आलं. नंतर मी तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. मग ती दुखरी जागा कसली? (एक वाचक, रत्नागिरी)

ती जागा तुमच्या पायाची. दुसऱ्या कशाचीही नाही.

टाचेखाली आणि चवड्याखाली चरबीची जाड गादी असते, कारण वजन तिथे पडतं. खळग्यात ती गादी पातळ. तिथून तळव्याच्या नसा जातात, अंगठा वाकवणाऱ्या स्नायूची दोरी जाते आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला जाड पडदाही असतो. अंगठ्याचं टोक रोवून दाबलं तर बऱ्याच माणसांना तिथे कळ येईल, आणि नकाशावर मूत्रपिंड नेमकं तिथेच काढलेलं आहे. तळव्याची संवेदना घोट्याच्या आतल्या बाजूने वर जाऊन मांडीमागच्या मोठ्या नसेतून कण्याच्या खालच्या भागात पोचते. तिथून किडनीला वेगळी तार गेलेली नाही. नकाशे एकमेकांशी जुळतही नाहीत. दोन वेगळ्या शाळांचे तक्ते शेजारी ठेवले तर काही अवयव बोटभर इकडेतिकडे सरकलेले दिसतात.

‘कातडीखाली रवाळ लागतंय, ते युरिक अॅसिडचे खडे, ते फोडायचे’ हेही बरेचदा ऐकवतात. हाताला रवाळ लागतात त्या चरबीच्या छोट्या पिशव्या आणि त्यांना बांधून ठेवणारे धागे. युरिक अॅसिडचे खडे गाऊटच्या रोग्याला होतात खरे, पण ते सांध्यात, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. तो सांधा सुजलेला, लालभडक असताना चादरीचा स्पर्शही सोसत नाही. तिथे दाबायला जाणं म्हणजे मारच.

पद्धत खरंच चालते का, यावर अभ्यास झालेले आहेत. पूरक उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली अशा १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. कुठल्याही आजारावर ती परिणामकारक असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही, असं त्यात निघालं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने अशा अनेक पद्धतींची छाननी करून एप्रिल २०१९पासून आरोग्य विम्याच्या सवलतीतून रिफ्लेक्सॉलॉजी वगळली. अडचण अशी की पाय कोणीही मायेने तासभर चोळले तरी बरं वाटतं. म्हणून खरी तुलना रिफ्लेक्सॉलॉजी आणि ‘काहीच नाही’ यांच्यात करून भागत नाही. ती नकाशा पाळून चोळणं आणि नकाशा न पाळता चोळणं यांच्यात करावी लागते. तशी केली की फरक बहुतेक विरून जातो.

उरतो तो आराम. थकवा उतरणं, त्या रात्री झोप बरी लागणं, मन जरा शांत होणं. हे कमी नाही. त्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा. किडनी पाहायची असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, गरज पडली तर सोनोग्राफी. पाय दाबून कोणाचंही निदान होत नाही, ना चांगलं ना वाईट. ‘तुमचं सगळं उत्तम आहे’ असं पाय दाबून सांगणाराही तितकाच चुकतो, आणि खरं तर जास्त घातक, कारण मग तपासणी राहून जाते.

प्रश्न : माज्या आवशीक बारा वर्सां शुगर आसा. पायांक मुंगये येतत, रात्री जळजळता. एक जण घराकडे येवन पाय दाबून देता. तेचा म्हणणा, तीन म्हयन्यात गोळये सुटतले. करून घेवया काय? (एक वाचक, कुडाळ)

पत्र मालवणीतच छापलं, कारण ‘गोळये सुटतले’ हे वाक्य आम्हाला जसंच्या तसं दाखवायचं होतं. गोळ्या सोडायच्या नाहीत. पाय दाबून रक्तातली साखर उतरत नाही. हे वाक्य ज्याच्या तोंडून निघालं त्याच्या हाती आईचे पाय देऊ नका.

बारा वर्षांची साखर आणि मुंग्या म्हणजे नसांना इजा सुरू झाली असण्याची दाट शक्यता. अशा पायाला दुखणं नीट कळत नाही, आणि दाबणाऱ्याचा सगळा अंदाज तर दुखण्यावरच असतो. ‘आणखी दाबू का?’ ‘दाब रे, काय वाटत नाही.’ असं म्हणत कातडीखाली फोड येतो, फोडाची जखम होते आणि आठ दिवसांनी वास आल्यावर घरात कळतं. लाकडी काठी, टोकदार रोलर, काट्यांच्या चपला यांनी तर हमखास.

आज संध्याकाळी घरीच एक चाचणी करा. आईला डोळे मिटून झोपवा. तुमच्या तर्जनीच्या टोकाने तिच्या पायाच्या बोटांच्या टोकांना अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद, दाबू नका, टोचू नका, एका बोटाला दुसऱ्यांदा नको. क्रम असा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं आणि डावं मधलं बोट. स्पर्श कळला की तिने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना गेली आहे असं धरा आणि डॉक्टरांकडे १० ग्रॅमच्या तंतूने (तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का बघायचा नायलॉनचा धागा) होणारी तपासणी करून घ्या. सहाही बरोबर आले तरी वर्षातून एकदा ती तपासणी हवीच. पायाची नाडी लागते का, हेही त्याच वेळी बघतात.

आणखी एक. आई मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेत असेल तर बी-१२ तपासा. त्या गोळीने ते कमी होऊ शकतं, आणि बी-१२ कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात. तो भाग औषधाने सुधारण्याजोगा असतो, आणि ‘शुगरच्याच मुंग्या’ म्हणून तो सुटून जातो.

तिला पायाला हात हवासा वाटत असेल तर तुम्हीच लावा. आधी उजेडात दोन्ही पाय नीट बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. जखम, फोड, लाली काही नसेल तर तळहाताने हलकेच, घोट्याकडून बोटांकडे, पाचेक मिनिटं. अंगठा रोवायचा नाही, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. कोमट पाणीही तुमच्या कोपराने बघून, तिच्या पायाने नव्हे. बोटांच्या मधे तेल राहू देऊ नका. आणि खळ्यात जातानाही पायात चप्पल असू दे.

प्रश्न : प्रदर्शनात काशाच्या थाळीच्या मशीनवर पाय ठेवले. दहा मिनिटांत तळवे काळे झाले. ‘शरीरातली उष्णता आणि टॉक्सिन निघाली’ म्हणाले. खरं का? (एक वाचक, सावंतवाडी)

कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. तुपातली किंवा तेलातली आम्लं, घाम आणि घर्षण यांनी त्याचे बारीक कण सुटतात, तांब्याचा थर काळा पडतो आणि तो तुपात मिसळून पायाला लागतो. घरच्या काशाच्या वाटीवर तूप लावलेलं पांढरं फडकं जोर देऊन घासत राहा, फडकं काळं होईल. फडक्यात कुठली उष्णता? पादाभ्यंग म्हणून काशाच्या वाटीने पाय चोळणं आपल्याकडे जुनं आहे आणि ते सुखाचं आहे. काळेपणाला मात्र काही अर्थ नाही.

त्याच मांडवात बहुतेक दोन गोष्टी आणखी असतात. मिठाच्या पाण्यात पाय ठेवून वीज सोडतात आणि पाणी तांबूस होतं : तो आतल्या लोखंडी पट्टीचा गंज, पाय न ठेवताही पाणी तसंच होतं. आणि रात्री तळव्याला चिकटवायच्या पट्ट्या सकाळी काळ्या होतात : त्यातली पूड ओल लागली की रंग बदलते, चहाच्या वाफेवर धरली तरी बदलेल.

प्रश्न : वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं, मुंबईत ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी गावी आणलं. आता उजवी पोटरी सुजून दुखते. रोज पाय चेपून घेतले तर सूज उतरेल का? (एक वाचक, राजापूर)

चेपू नका. तेलही लावू नका. हा अंक हातात पडेपर्यंत दिवस गेलेले असतील म्हणून या वाचकांना आम्ही आधीच कळवलं आहे. इथे इतरांसाठी लिहितो.

पायाचं किंवा खुब्याचं ऑपरेशन, अंथरुणावर पडून राहणं आणि त्यावर गाडीत आठ-दहा तास पाय लोंबते ठेवून प्रवास. या तिन्हींनी पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. एकाच पायाला सूज, पोटरी हाताला गरम लागणं, दाबल्यावर दुखणं ही तिची लक्षणं. चोळल्याने ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस तासाभरात दगावू शकतो. गुडघ्याखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त वाहतंय का ते दाखवणारी). फरक कमी भरला म्हणून निर्धास्त होऊ नका, तेव्हाही डॉक्टरांना दाखवाच. धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त यांतलं काही झालं तर १०८ला फोन.

दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर कारणं वेगळी : हृदय, मूत्रपिंड, यकृत. किंवा नुसती ब्लडप्रेशरची गोळी. अॅम्लोडिपिनने कित्येकांचे घोटे सुजतात. डॉक्टर गोळी बदलतात, सूज जाते. असे लोक महिनोन्महिने पाय चेपून घेत बसलेले असतात. हत्तीपायाच्या सुजेलाही खोल दाब नको. तिथे रोज साबणाने धुणं, बेचकी कोरडी ठेवणं आणि पाय उंचावर ठेवणं यालाच महत्त्व आहे.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत पायाला चिखल्या होतात, टाचांना भेगा आहेत. तरी पाय दाबून घ्यावेत का? (एक वाचक, लांजा)

चिखल्या वाळेपर्यंत नको. ती बुरशी आहे, दाबणाऱ्याच्या हाताने ती दुसऱ्या पायाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जाते. शेतातून आलं की साबणाने पाय धुवा, बेचक्यांत फडकं घालून कोरडे करा, क्लोट्रिमॅझोलचं १ टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा लावा आणि खाज थांबली तरी दोन ते चार आठवडे सोडू नका. लोक चौथ्या दिवशी सोडतात, म्हणून ती परत येते. भेगांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) उत्तम, पण आधी पाय कोमट पाण्यात भिजवून पुसल्यावर. रक्त येणाऱ्या भेगेवर दाब नको. आणि पायाला जखम असताना चिखलात उतरला असाल, मागून ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर अंग चेपून घेत घरी पडू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

प्रश्न : मी मासळी विकते. दिवसभर ओल्या जमिनीवर उभी. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसतो असं वाटतं. टाच जोरात दाबून घेतली की दोन दिवस आणखीच दुखते. (एक वाचक, हर्णै)

तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. सकाळी पहिल्या पावलाला कळ आणि चार पावलं चालल्यावर कमी, हे तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या जाड पडद्याच्या दुखण्याचं लक्षण. पडदा टाचेला जिथे चिकटतो तिथे तो आधीच चिडलेला आहे. त्याच जागी अंगठा रोवला की आणखी चिडतो. दाबणाऱ्याला सांगा, टाचेचा तो बिंदू सोडून पोटरीवर काम कर.

खरा गुण ताणाने येतो. सकाळी अंथरुणातच, पाऊल खाली टाकण्याआधी : पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा, तळव्यात दोरी ताणल्यासारखी लागेल, दहापर्यंत मोजा, सोडा, असं दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, पोटरी ताणून ३० सेकंद, तीनदा. हे दिवसातून दोन-तीनदा. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळा आणि दहा मिनिटं तळव्याखाली फिरवा. तुमच्याकडे बर्फाला तोटा नाही, पण उघडा बर्फ थेट लावू नका. सपाट, झिजलेली रबरी चप्पल टाकून द्या. टाचेला बोटभर उंची आणि खळग्याला आधार असलेली घ्या. गुण यायला सहा आठवडे ते काही महिने लागतात. दोन आठवड्यांत सोडून देणारेच जास्त.

प्रश्न : वहिनींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमो चालू आहे. रिफ्लेक्सॉलॉजीने मळमळ कमी होते असं ऐकलं. करावं का? (एक वाचक, अलिबाग)

इथे पूरक उपचार हा शब्द अक्षरशः घ्यायचा. केमो चालू, त्याच्या जोडीला हे. केमोऐवजी कधीच नाही.

२०१२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. बळावलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ३८५ स्त्रिया, तीन गट : रिफ्लेक्सॉलॉजी, साध्या माणसाने नुसते पाय चोळणं, आणि नेहमीचे उपचार. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप कमी जाणवली आणि रोजची कामं थोडी सोपी झाली. मळमळ, वेदना, चिंता यांत गटागटांत फरक नव्हता. आणि थकवा कमी झाला तो साधे पाय चोळलेल्या गटात! तेव्हा मळमळीच्या आशेने जाऊ नका. मळमळीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घेणं हेच खरं.

करायचंच ठरलं तर केमोच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि त्या आठवड्याचा रक्ताचा रिपोर्ट बघा. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर दाब देऊ नये, नुसता हात फिरवावा. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी पाय बधिर होतात, तिथे वर साखरेबद्दल लिहिलेलं सगळं लागू. कॅपेसिटाबिनने तळवे लाल होऊन सोलत असतील तर पाय चोळूच नयेत. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातावरही जोर लावू देऊ नका. ताप असेल त्या दिवशी काहीच नाही, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : सून चार महिन्यांची गरोदर आहे. घोट्याजवळ दाबलं तर पोट पडतं म्हणतात. खरं का? (एक वाचक, मालवण)

घोट्याजवळ दाबल्याने गर्भपात होतो किंवा कळा सुरू होतात याला भरवशाचा पुरावा नाही. तरी या कामातली जाणती माणसं पहिले तीन महिने आणि जोखमीच्या गरोदरपणात हात लावत नाहीत, आणि ते योग्यच. उगाच पुढे काही झालं तर आयुष्यभर मनाला खात राहतं. पाय सुजले आणि सोबत डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, तर चेपणं सोडा आणि प्रेशर मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे शिरेत गाठ होण्याचा धोका सगळ्यात जास्त, तेव्हा बाळंतिणीला मालिश करणाऱ्या मावशींना एका पायाच्या सुजेचं लक्षण सांगून ठेवा.

प्रश्न : चांगला माणूस ओळखायचा कसा? (एक वाचक, महाड)

आपल्याकडे रिफ्लेक्सॉलॉजीला वेगळा कायदा किंवा नोंदणी नाही. अॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्राने २०१५मध्ये कायदा केला, यासाठी नाही. त्यामुळे भिंतीवरचं प्रमाणपत्र म्हणजे कुठल्या तरी वर्गाला बसल्याची पावती. नखं कापलेली आहेत का, गिऱ्हाइकागणिक हात धुतो का, टॉवेल बदलतो का, आधी चौकशी करतो का आणि ‘हे माझ्याकडचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा’ असं कधी म्हणतो का, हे बघा. दहा बैठकांचे पैसे आगाऊ देऊ नका. तीन-चार बैठकांत झोपेत, थकव्यात काही फरक नसेल तर पाचवीने पडणार नाही.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या, साखर नाही, रक्त पातळ करण्याची गोळी नाही. बाहेर नेणं जमत नाही. घरीच रात्री पाय चेपून द्यायचे तर नीट पद्धत सांगा. (एक वाचक, देवगड)

तुम्ही साखर आणि गोळी दोन्ही आधीच सांगितलंत, बरं केलंत. वीस मिनिटं पुरतात.

जेवून तास गेला की त्यांना पलंगावर उशांना टेकून बसवा, गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर. तुम्ही पायथ्याशी, त्यांच्या तळव्यांसमोर खुर्ची घेऊन बसा. वाकून चेपलंत तर तिसऱ्या दिवशी तुमची कंबर धरेल. अंगठी, बांगड्या काढा, नखं बघा. पाय कोमट पाण्याने पुसा, बेचकी कोरडी करा, आणि पुसता पुसता जखम आहे का ते बघून घ्या.

खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब एका पायाला, जास्त नको. आधी अख्खं पाऊल दोन्ही तळहातांत धरून नुसतं थांबा, दहा-पंधरा सेकंद, हाताची ऊब लागू दे. मग घोटा दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा सावकाश फिरवा. म्हातारपणी घोटे आखडलेले असतात, कट्‌कन आवाज आला तर जोर करू नका. एका हाताने बोटं मागे धरून दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेकडून चवड्याकडे सरकवा. अंगठ्याचं टोक नव्हे, मांसल बाजू वापरा. तळव्यावर पाच ओळी, प्रत्येक ओळ तीनदा. खळग्यात दाब निम्मा करा. बोटं एकेक करून मुळापासून टोकाकडे हलकी ओढा. पावलाच्या वरच्या बाजूला फक्त तळहात फिरवा. तिथे कातडीखाली लगेच हाडं आणि शिरा आहेत, अंगठ्याने दुखेल. फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांवर काही करू नका.

दोन्ही पाय झाले की चवड्याखालच्या खोलगट जागी दोन्ही अंगठे टेकवा आणि त्यांच्या पाच श्वासांपर्यंत तसेच ठेवा. मधे त्या झोपल्या तर उठवू नका. मात्र जाग्या असतील, रात्री उठायच्या असतील, तर तळव्याचं तेल कोरड्या फडक्याने पुरतं पुसून सुती मोजे घाला आणि न्हाणीपर्यंतचा दिवा लावून ठेवा. तेलकट पायाने लादीवर उतरलेल्या सासूबाई घसरल्या तर खुब्याचं हाड जातं, आणि वरचा राजापूरचा प्रश्न तुमच्या घरी येतो.